फिटरकाका निवृत्त होण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या बडोद्याच्याच, मेकॅनिकल इंजिनियर. पादरा रस्त्यावरच्या एका रसायन कारखान्यात मेंटेनन्सला लागून त्यांना दोन वर्षं झाली. साहेब सांगतात, "पुस्तकं पुरे झाली, आता जुन्या माणसांकडून शिका." पण या जवळ गेल्या की बोलणं थांबतं. बोललेच तर एक जण एक सांगतो, दुसरा बरोबर उलटं. त्यात ज्यांना प्लांटची नस न् नस ठाऊक आहे ते हेडफिटर काका दिवाळीनंतर निवृत्त होतायत. आजूबाजूच्या माणसांकडून शिकायचं म्हणजे नेमकं करायचं काय?

माझी सगळी नोकरी बडोद्याच्या आसपासच्या कारखान्यांत, मेंटेनन्समध्येच गेली. आता नव्या पोरांना शिकवतो. तेव्हा उत्तर लांबणार, चहा घेऊन बसा.

आधी एक सवय सोडा, ती म्हणजे सल्ला विचारायची. "काका, या पंपाचं काय करू या?" असं विचारलंत की काका तुमच्या हुद्द्याकडे बघून उत्तर देतात. साहेबांना काय ऐकायला आवडेल, उद्या चूक निघाली तर अंगावर येईल का, कंत्राटदार दुखावेल का, हे सगळं त्या एका उत्तरात कालवलेलं असतं. त्याऐवजी काय दिसलं, काय ऐकलं ते विचारा. आवाज कधीपासून येतोय? दिवसा की रात्री? पहिल्यांदा कोणाच्या पाळीत आला? त्याच्या आधी या लाइनवर कोणी काही उघडलं होतं का? असं विचारलं की माणूस अंदाज ठोकत नाही, आठवायला लागतो. तुम्हाला हवं आहे ते हे आठवलेलं.

एका कारखान्यात टाकीतून सॉल्व्हंट उपसणारा पंप होता. दर उन्हाळ्यात त्याचं बेअरिंग जायचं. बदललं की महिन्याभरात पुन्हा तेच. बेअरिंगचा पुरवठादार बदलून झाला, ग्रीस बदलून झालं, कपलिंगचं अलाइनमेंट पुन्हा पुन्हा तपासून झालं. मीटिंगला बसलेल्या प्रत्येकाकडे एकेक कारण तयार. त्या पंपाशेजारी तिन्ही पाळ्यांत बसणारे ऑपरेटर मात्र मीटिंगला नसत, कारण मीटिंग साहेबांची. त्यांच्यातल्या एकाला मी एवढंच विचारलं, आवाज कधी येतो? तो म्हणाला, "साहेब, आ पंप बपोरे ज रडे छे, राते नहीं." दुपारीच रडतो, रात्री नाही. वर स्वतःचं कारणही जोडून दिलं: दुपारी मोटर तापते ना, म्हणून.

कारण चुकलं होतं. पण दुपारीच रडतो, हे पाहणं पक्कं होतं. मे महिन्यात बडोद्याचा पारा 42-43 अंशांपर्यंत चढतो. उघड्यावरची टाकी तापते, आतलं सॉल्व्हंट तापतं, त्याचा बाष्पदाब वाढतो. पंपाच्या सक्शनला, म्हणजे माल ओढून घेणाऱ्या तोंडाला, दाब मुळातच जेमतेम. तो बाष्पदाबाच्या खाली गेला की द्रवात बुडबुडे धरतात आणि इम्पेलरमध्ये, म्हणजे पंपातल्या फिरत्या चाकात, दाब वाढल्याबरोबर फटाफट मिटतात. हेच कॅव्हिटेशन. पंपातून खडी चालल्यासारखा आवाज येतो, इम्पेलरला बारीक खड्डे पडतात, आणि त्या थरथरीने बेअरिंग आणि सील दोन्ही जातात. रात्री टाकी निवते, पंप गप्प होतो. आम्ही सक्शनचा स्ट्रेनर, म्हणजे गाळणी, उघडला तर निम्मा बुजलेला. तो साफ केला, टाकीला पांढरा रंग मारला, टाकीतली पातळी ठरावीक खुणेच्या खाली जाऊ द्यायची नाही असं ठरवलं. बेअरिंग जायचं थांबलं.

यातून तुम्ही उचलायचं ते हे, की माणसाने जे पाहिलं ते आणि त्याने त्याचं जे कारण लावलं ते, दोन्ही वेगवेगळ्या खणांत ठेवा. मी नव्या मुलांना वहीत सरळ दोन रकाने आखायला लावतो. एकात "काय दिसलं", दुसऱ्यात "त्यांच्या मते का". पहिल्या रकान्यातलं सहसा खोडू नका. दुसऱ्या रकान्यातलं तपासा, प्रसंगी बाजूला ठेवा. आपल्यासारख्या शिकलेल्या लोकांची खोड अशी, की ऑपरेटरचं कारण शास्त्राला धरून नाही असं दिसलं की त्याचं निरीक्षणही आपण केरात टाकतो. उलट्या बाजूची खोड भाविकांची. काकांचं निरीक्षण दहादा खरं ठरलं म्हणून त्यांचं प्रत्येक कारणही ब्रह्मवाक्य. दोन्हींनी सारखंच नुकसान होतं.

आता "एक जण एक सांगतो, दुसरा उलटं" या तक्रारीकडे. तुम्ही ग्रीसचं उदाहरण दिलंय. एक फिटर म्हणतो दर आठवड्याला भरपूर ग्रीस मारा. दुसरा म्हणतो, बेअरिंगला हात लावू नका, ग्रीसनेच मरतं. दोघांतला कोणीतरी अडाणी आहे असं धरून चालू नका. दोघांना एकच विचारा: तुम्ही जास्त वर्षं कुठल्या मशिनवर काढलीत? पैजेवर सांगतो, पहिला कन्व्हेयर, मिक्सर अशी धुळीतली, संथ फिरणारी यंत्रं सांभाळून आलेला निघेल. तिथे भरपूर ग्रीस मारलं की बाहेर पडणारं जुनं ग्रीस धूळ सोबत घेऊन जातं आणि सीलच्या तोंडाशी साचलेली कड नवी धूळ आत येऊ देत नाही. दुसरा असणार मिनिटाला 2,900 फेऱ्यांच्या मोटरी आणि ब्लोअर बघणारा. त्या वेगाला जादा ग्रीस घुसळलं जातं, तापतं, पातळ होऊन जातं, आणि बेअरिंग खरोखरच ग्रीसपायी मरतं. दोघंही आपापल्या जागी खरे. प्रत्येकाने आपल्या यंत्राचा नियम सगळ्या जगाचा करून सांगितला, एवढंच. म्हणून ऐकलेल्या प्रत्येक गोष्टीला पत्ता जोडून ठेवा: कुठलं यंत्र, कुठला माल, किती वेग, कुठला ऋतू. दोन जाणती माणसं परस्परविरुद्ध बोलली की मी तरी खूश होतो. पुस्तकात न लिहिलेली एखादी अट तिथे लपलेली असते.

तुम्ही गेलात की बोलणं थांबतं, हा खरा अवघड भाग. त्याचं एक कारण तुम्ही सुचवलंय, की तुम्ही मुलगी, वयाने लहान, हुद्द्याने वर. असेल. पण मला विचाराल तर मोठं कारण वेगळं आहे. त्या माणसांना तुमच्या आधीच्या साहेबांनीही विचारलं होतं. त्यांनी सांगितलंही. पुढे त्याचं काय झालं ते कोणी येऊन सांगितलं नाही. चार वेळा असं झालं की माणूस म्हणतो, बघू, साहेबांना सगळं कळतंच. तुमच्या प्लांटची लॉगबुकं काढून बघा. पान-पानभर "ओके, ओके, ओके". त्या पानांमागे सगळं आलबेल असतं असं नाही. लिहून काही होत नाही हे कळल्यावर माणसं तसं लिहितात.

म्हणून विचारण्यापेक्षा परत जाणं महत्त्वाचं. स्ट्रेनर साफ झाल्यावर मी त्या ऑपरेटरकडे त्याच्या रात्रपाळीत गेलो. तुमच्या सांगण्यावरून कळलं, हे सांगितलं. आणि मोटर तापण्याचं कारण का लागू होत नाही तेही सांगितलं. टाकी तापते, मोटर नाही. मोटरचा अँपिअर बघा, दुपारी उलट कमी दाखवतो, कारण पंप पुरता माल उचलतच नाही. त्याला वाईट वाटलं नाही. त्याने अँपमीटरकडे बघितलं, मान हलवली, आणि मला आणखी दोन पंपांची नावं सांगितली. पुढे तो स्वतः फोन करायला लागला. कोणी सांगितलेलं चुकीचं निघालं तरी परत जाऊन सांगाच, फक्त चारचौघांत नको. "तुम्ही म्हणालात तसं बघितलं, पण सील ठीक निघालं" एवढं पुरे. सांगणाऱ्याला कळायला हवं की त्याच्या शब्दावरून कोणीतरी पाना हातात घेतला होता.

श्रेय देतानाही तसंच. अहवालात "ऑपरेटरच्या निरीक्षणावरून" असं मोघम लिहू नका, नाव लिहा. आणि तो अहवाल छापून त्यांना दाखवा. इंग्रजी वाचता येत नसेल तर त्यांचं नाव कुठल्या ओळीत आहे ते बोट ठेवून दाखवा.

बोलणं सुरू करायचं तर हात कामाला लावा. खुर्चीवर बसून "काका, तुमचे अनुभव सांगा" म्हटलं की भाषण मिळतं किंवा मौन. काका पंपावर वाकलेले असताना बॅटरी धरा, गॅस्केट पुढे करा, नट रॉकेलमध्ये धुऊन ओळीने मांडून ठेवा. हाताला काम असलं की तोंड मोकळं होतं. पहिल्या दिवशी तुम्हाला "बेन, तमे रहेवा दो" म्हणतील. राहू देऊ नका.

शिवाय हातांना जे येतं त्यातलं बरंचसं तोंडाला सांगता येत नाही. ग्लँड (शाफ्टभोवती गळती रोखणारी पॅकिंगची दोरी दाबून धरणारा भाग) किती आवळायचा असं काकांना विचारा, "जरासा" म्हणतील. त्यापेक्षा पाण्याच्या पंपाचं ग्लँड पॅकिंग बदलताना शेजारी बसून बघा. जुनं पॅकिंग हुकाने ओढून सगळं बाहेर काढतात, तळाचं शेवटचं कडंसुद्धा आत ठेवत नाहीत. नवी दोरी शाफ्टच्या मापाच्या पाइपवर गुंडाळून कापतात, म्हणजे प्रत्येक कडं अचूक मापाचं येतं. कडी बसवताना एकाचा सांधा दुसऱ्याच्या सांध्यासमोर येऊ देत नाहीत, प्रत्येक वेळी पाव वळसा सरकवतात. मग ग्लँडचे नट नुसत्या हाताने टेकवतात, पंप सुरू करतात आणि पाणी चांगलं गळू देतात. नवशिक्याचा जीव इथे खालीवर होतो. आता पाना लागतो: या नटाचा एक पैलू, त्या नटाचा एक पैलू, आणि थांबतात. ग्लँडला बोट लावून ताप बघतात. थोड्या वेळाने पुन्हा एकेक पैलू. मिनिटाला 40 ते 60 थेंब राहिले की पाना खिशात. गळती पूर्ण बंद करायच्या हट्टाने कोणी आणखी आवळलं तर पॅकिंग कोरडं पडून जळतं आणि शाफ्टच्या स्लीव्हवर खाचा पडतात. तो थेंबच पॅकिंगला थंड ठेवतो, वंगणही तोच. यातलं मापात सांगता येण्यासारखं फक्त 40 ते 60. बाकीचं सगळं त्या थांबण्यात आहे, आणि किती थांबायचं ते बघूनच कळतं. (हे पाण्याच्या पंपाचं. विषारी किंवा ज्वलनशील मालाला सहसा मेकॅनिकल सील असतो, तिथे गळणारा थेंब म्हणजे धोक्याची खूण.)

स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या हाउसिंगवर आणि मूठ कानामागच्या हाडाला लावून ऐकणं तुम्ही बघितलं असेलच. एक सुचवतो. काकांकडून आधी चांगल्या पंपाचा आवाज ऐकून घ्या, बिघडलेल्याचा नंतर. एका लाइनीत सारखेच चार पंप असतील तर चारही ऐका. चांगलं कसं वाजतं ते कानात बसल्याशिवाय वाईट ओळखू येत नाही.

पाळी बदलतानाची दहा मिनिटं हा ऐकण्याचा सगळ्यात स्वस्त वर्ग, आणि तोच सगळ्यात जास्त वाया जातो. उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा या तेल-फलाटाचं उदाहरण मी दर तुकडीला सांगतो. 6 जुलै 1988. कंडेन्सेट (वायूतून निघणारं हलकं द्रव इंधन) उपसणाऱ्या दोन पंपांपैकी एकाचा सेफ्टी व्हॉल्व्ह तपासणीसाठी काढला होता आणि त्या जागी आंधळी फ्लँज (पाइपचं तोंड बंद करणारी झाकणाची चकती) लावली होती, तीही गळतीविरहित बसवलेली नव्हती. त्याच पंपाच्या मोठ्या दुरुस्तीचं परमिट, म्हणजे कामाची लेखी परवानगी, वेगळं होतं, व्हॉल्व्हचं वेगळं. रात्रपाळीला दुरुस्तीचं परमिट माहीत होतं आणि ते काम सुरू झालेलं नाही हेही माहीत होतं. व्हॉल्व्ह जागेवर नाही हे त्यांच्यापर्यंत पोचलंच नाही, आणि तो पंपापासून दूर असल्याने डोळ्यांनाही दिसण्यासारखा नव्हता. रात्री दुसरा पंप बंद पडला, तेव्हा त्यांनी हा चालू केला. वायू सुटला, स्फोट झाला, 167 माणसं गेली. चौकशी करणाऱ्या लॉर्ड कलन यांनी 1990 च्या अहवालात 106 शिफारशी केल्या. परमिट आणि पाळी सोपवण्याच्या पद्धती जगभर कडक झाल्या त्यामागे हा अपघात आहे. तुमच्या प्लांटमध्ये पाळी बदलताना दहा मिनिटं उभ्या राहा. लिहिलेलं सोडून तोंडाने काय सांगितलं जातं, आणि "तेवढं बघून घे" म्हणत काय अर्धवट सोडलं जातं, ते ऐका. महिनाभर असं केलंत तर मॅन्युअल वाचून कळलं नसतं इतकं तुमचा प्लांट कळेल.

आता थोडं उलट बाजूने. आपल्या बडोदेकर मराठी घरांत दत्तसंप्रदाय चांगलाच रुजलेला. टेंबे स्वामींनी 1914 साली समाधी घेतली ती नर्मदाकाठी गरुडेश्वरला, आणि तिथली वारी अजून कित्येक घरांत आहे. तेव्हा अवधूताचे चोवीस गुरू तुम्ही लहानपणापासून ऐकले असतील. कारखान्यातल्या माणसाला त्यातला शरकार फार जवळचा वाटतो: बाण सरळ करण्यात असा गढलेला, की शेजारून राजाची मिरवणूक वाजतगाजत गेली तरी त्याला पत्ता नाही. पण त्या यादीकडे नीट बघा. त्यातले बरेच गुरू काय करू नये ते शिकवतात. पतंग आगीवर झेपावतो, मासा गळाला लागतो. आणि हरीण पारध्याच्या गोड गाण्याला भुलून जीव गमावतं, म्हणजे ऐकण्यानेच मरतं. अवधूताने त्यालाही गुरू केलं, पण त्याच्यासारखं वागला नाही. तुमच्या कारखान्यातही असे गुरू असतीलच. इंटरलॉक (धोका दिसला की यंत्र आपोआप थांबवणारी सोय) बायपास करून वेळ मारून नेणारा, पंधरा वर्षं पट्ट्याशिवाय उंचावर चढणारा. त्यांच्याकडूनही शिका, पण त्यांच्यासारखं करू नका.

"आजवर काही झालं नाही" हे अनुभवाचं वाक्य वाटतं, पण त्यात अनुभव फार थोडा असतो. हजार जणांच्या नोकरीत एखाद्याच्याच वाट्याला येणारी गोष्ट एका माणसाच्या नोकरीत न घडणंच स्वाभाविक. काही ठिकाणी तर अनुभव सरळ दगा देतो. हायड्रोजन सल्फाइड घ्या. जुना ऑपरेटर छातीठोक सांगतो, "वास आला की आम्ही पळतो, मीटर कशाला?" सडक्या अंड्यांचा तो वास अगदी कमी प्रमाणातही येतो, म्हणून त्याचा विश्वास बसलेला. पण हवेत दहा लाखांत 100 भागांच्या आसपास वायू झाला की काही मिनिटांत नाक बधिर होतं. वास गेला म्हणजे वायू गेला असं वाटतं, तेव्हाच तो खरा जीवघेणा झालेला असतो. नायट्रोजनला तर वासच नाही. नायट्रोजन भरलेल्या टाकीत डोकं घातलेला माणूस एक-दोन श्वासांत कोसळतो, आणि त्याला ओढायला धावलेला दुसराही. इथे शंभर माणसांच्या अनुभवापेक्षा मीटरवरचा आकडा मोठा. परमिट, कुलूप-टॅग (दुरुस्ती चालू असताना कोणी यंत्र सुरू करू नये म्हणून लावायचं), वायुचाचणी या तीन बाबतींत कोणाचंही ऐकून तडजोड करू नका, काकांचंसुद्धा. असं सांगितल्याने मान राखला जात नाही असं वाटतं. पण बहुतेक चांगले फिटर यात स्वतःच तुमच्याहून कडक असतात. नसतील तर तीही माहितीच.

ऐकलेलं पटलं तरी लगेच सगळ्या प्लांटला लावू नका. सयाजीरावांचं उदाहरण बडोदेकरांना नवं नाही, पण त्यातला क्रम आपण विसरतो. सक्तीचं प्राथमिक शिक्षण त्यांनी 1893 मध्ये अमरेली भागात करून बघितलं आणि 1906 मध्ये सगळ्या संस्थानाला लागू केलं. मधली तेरा वर्षं अडचणी कळायला गेली. तुमचा ग्रीसचा किंवा पॅकिंगचा नवा नियम एका पंपावर तीन महिने चालवून बघा, बाजूचा पंप जुन्या पद्धतीने चालू द्या. सयाजीरावांच्याच काळात, 1890 मध्ये, बडोद्यात कलाभवन निघालं, आणि त्याचीच पुढे बडोद्याच्या विद्यापीठाची टेक्नॉलॉजी फॅकल्टी झाली. जुने लोक अजून कलाभवनच म्हणतात. तिथून पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या मुलांना मी चेष्टेने म्हणतो, रंगारी, विणकर, सुतार यांची हुन्नर शिकवायला ही जागा काढली होती, तुम्ही हल्ली फक्त सॉफ्टवेअरचे चार्ट घेऊन येता.

काकांशिवाय आणखी कोणाला विचारायचं? तुम्ही विचारलेलं नाही, पण सांगतो. सफाई करणाऱ्यांना, कारण रोज कुठे तेल सांडलेलं असतं ते त्यांच्या फडक्याला माहीत असतं. रात्रीच्या सिक्युरिटी गार्डला, कारण प्लांट शांत असताना नवा आवाज त्याला आधी ऐकू येतो. कंत्राटी खलाशांना, म्हणजे जड यंत्रं उचलून हलवणाऱ्यांना, कारण चेन-पुली ब्लॉक कुठे अडकवता येतो आणि कुठली बीम वजन घेत नाही ते त्यांच्याइतकं कोणाला कळत नाही. आणि नव्या ट्रेनीला, पहिल्या आठवड्यातच. महिन्याभरात त्यालाही गळणाऱ्या फ्लँजची सवय होईल, मग दिसणार नाही.

राहिले काका. दिवाळीला अजून तीनेक महिने असतील. "काकांचं ज्ञान लिहून घ्या" असा एखादा फॉर्म एचआर पाठवेलच. तो भरून टाका आणि विसरा. त्याऐवजी प्लांटच्या पायपिंगचा नकाशा छापून घ्या आणि आठवड्यातून एक सकाळ काकांबरोबर एकेक लाइन चालत जा. प्रत्येक व्हॉल्व्हपाशी एकच विचारा: इथे कधी काय झालं होतं? खुर्चीवर बसून न आठवणाऱ्या गोष्टी त्या जागी उभं राहिल्यावर आठवतात. नकाशावर पेन्सिलने टिपा. विशेषतः "तात्पुरतं" म्हणून लावलेलं आणि तसंच राहिलेलं सगळं: क्लॅम्प, आंधळ्या फ्लँजा, नकाशात नसलेली बायपास लाइन, बंद आहे असं वाटणारा पण पूर्ण बंद न होणारा व्हॉल्व्ह. ड्रॉइंग ऑफिसकडे ही माहिती नसते. बहुतेक वेळा ती फक्त एकाच डोक्यात असते आणि ग्रॅच्युइटीबरोबर बाहेर पडते.

मग काकांची पेटी उघडायची परवानगी मागा. त्यात बाजारात न मिळणारी हत्यारं असतील: वाकवलेला पाना, अर्धा कापलेला सॉकेट, पाइपला वेल्ड केलेला पुलर. एकेक हातात घेऊन विचारा, हे कशासाठी? वाकवलेल्या पान्याचा अर्थ असा, की कुठेतरी एक बोल्ट आहे जिथे सरळ पाना पोचत नाही, आणि तो बोल्ट कुठला हे कळल्याशिवाय पुढच्या शटडाउनला (दुरुस्तीसाठी प्लांट बंद ठेवतात तेव्हा) तुमचे चार तास जातील. त्या हत्यारांची मापं काढून मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत तशीच दुसरी करून घ्या, कारण पेटी काकांबरोबर घरी जाणार, आणि जायलाच हवी. खिशातली डायरीही विचारा: त्यात क्लिअरन्सची मापं असतात, कुठला वर्कशॉपवाला शाफ्ट नीट टर्न करून देतो आणि कुठला फक्त लवकर देतो तेही असतं. काका स्वतः अडले की कोणाला फोन करतात, हेही विचारून ठेवा.

शेवटच्या महिन्यात भूमिका बदला. काम तुम्ही करा, काका नुसते बघतील. त्यांना हात मागे बांधून उभं राहायला सांगा. हे त्यांना तुमच्यापेक्षा जड जाईल. ते जिथे न राहवून पुढे सरकतात तिथे थांबून विचारा, आत्ता काय दिसलं? मोबाइलवर चित्रण करायचं तर वर्कशॉपमध्ये, काकांना विचारून. प्लांटच्या ज्वलनशील भागात फोन नेऊ नका.

आणि निवृत्तीनंतरचं आत्ताच ठरवून घ्या. पहिल्या शटडाउनला तुम्हाला काकांची गरज लागणार हे नक्की, आणि तेव्हा "काका, जरा फोनवर सांगता का" म्हणून फुकटात काम काढून घेण्याची आपल्याकडे वाईट पद्धत आहे. साहेबांकडून लेखी मंजूर करून घ्या: सल्ल्याच्या दिवसाचा दर, ने-आण करायला गाडी, गेटपास, विमा. दर ठरवताना काकांना विचारू नका, ते "चहा पाजा, बस" म्हणतील. पंप बनवणाऱ्या कंपनीचा सर्व्हिस इंजिनियर दिवसाचे किती घेतो ते खरेदी विभागाला विचारा आणि तोच आकडा लिहा.